धार, धग आणि दाब : आतड्याचा कॅन्सर पोटात पसरल्यावर निर्णय कसा घ्यावा

सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये तळाशी ‘पेरिटोनियल डिपॉझिट्स’ असे दोन शब्द छापून येतात आणि घर हादरते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन वर्ष-दीड वर्षापूर्वी झालेले असते किंवा आजार नुकताच सापडलेला असतो. दोन दिवसांत कुणी नातेवाईक मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवतो : पोटात गरम केमो फिरवतात आणि कॅन्सर धुऊन निघतो. तिसऱ्या दिवशी हातात काही लाखांचे एस्टिमेट येते आणि घरात एकच प्रश्न उरतो, करायचे की नाही?

मुंबईत साकीनाक्यातल्या काजूपाडा, जरीमरी, खैरानी रोड भागातल्या घरांत हा प्रश्न फार जड असतो. कमावणारा माणूस गाळ्यात किंवा वर्कशॉपमध्ये असतो, बचत थोडी असते आणि गावाकडची जमीन हाच शेवटचा आधार असतो. ती जमीन विकायचा विचार मनात येत असेल, तर आधी हा लेख शांतपणे वाचा. ‘गरम केमो करायचे का’ याच्या आधी दुसराच प्रश्न विचारायला हवा : पोटातला दिसणारा सगळा आजार काढून टाकणे शक्य आहे का? उपचाराचे बरेचसे यश त्या उत्तरावर ठरते.

आजार नेमका कुठे पसरतो

पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ, चकचकीत अस्तर असते. तेच आतडी, जठर, यकृत यांच्यावरही पांघरलेले असते. त्याला पेरिटोनियम म्हणतात. हे अस्तर सगळे उलगडून पसरले, तर त्याचा पसारा जवळजवळ अंगावरच्या त्वचेइतका भरेल. आतड्यातली गाठ वाढत वाढत आतड्याच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचली की तिच्या पेशी सुटून या पोकळीत पडतात. पोटात नेहमी थोडे द्रव फिरत असते. त्याच्याबरोबर त्या वाहत जातात आणि ओटीपोटाच्या तळाशी, आतड्यांपुढे लोंबणाऱ्या चरबीच्या पडद्यावर, छाती-पोटामधल्या पडद्याखाली, बायकांमध्ये अंडाशयावर रुजतात. मोठ्या आतड्याचा कॅन्सर पहिल्यांदा सापडतो तेव्हाच शंभरातल्या सुमारे पाच रुग्णांमध्ये असा प्रसार झालेला असतो. काहींमध्ये तो पहिल्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसतो.

इथे दोन अडचणी येतात. पहिली, हे दाणे कधी कधी साबुदाण्यापेक्षाही लहान असतात आणि सीटी स्कॅनमध्ये दिसत नाहीत. त्यामुळे ‘रिपोर्टमध्ये थोडेच आहे’ एवढ्यावर विसंबता येत नाही. दुसरी, शिरेतून दिलेले केमो रक्तातून जाते, पण पोटाचे अस्तर आणि रक्त यांच्यामध्ये एक गाळणी असल्यासारखी रचना आहे. औषध या दाण्यांपर्यंत कमी पोचते. याच अडचणीतून केमोला भौतिक उपचारांची जोड देण्याची कल्पना निघाली. शस्त्राची धार, उष्णतेची धग आणि वायूचा दाब अशा तीन प्रकारांनी ही जोड दिली जाते.

धार : आधी सगळे काढायचे

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपचार शस्त्रक्रियेचा. त्याला सायटोरिडक्टिव्ह सर्जरी म्हणतात. यात सर्जन पोट वरपासून खालपर्यंत उघडून प्रत्येक कोपरा तपासतात. मूळ गाठ, चरबीचा पडदा, अस्तराचे बाधित पापुद्रे, गरज पडल्यास आतड्याचा तुकडा, अंडाशय, गर्भाशय, प्लीहा किंवा पित्ताशय काढतात. ऑपरेशन सहा तासांपासून दहा-बारा तासांपर्यंत चालू शकते.

डोळ्यांना दिसेल असे काहीही मागे राहिले नाही, तर त्याला सर्जन ‘सीसी-झिरो’ म्हणतात. अडीच मिलिमीटरपेक्षा लहान कण राहिले तर ‘सीसी-वन’. याहून मोठे उरले, तर एवढ्या मोठ्या ऑपरेशनचा फायदा फारसा उरत नाही.

खैरानी रोडच्या गाळ्यांत धातूवर मुलामा चढवणाऱ्या कारागिराला हे लगेच कळेल. मुलामा चढवण्याआधी तो गंज आणि तेल घासून पूर्ण काढतो. गंजावर चढवलेला मुलामा महिनाभरात सुटतो. पोटात ओतलेले औषधही गाठीत फक्त दोन-तीन मिलिमीटर आत शिरते. गाठ लिंबाएवढी राहिली असेल, तर औषध गरम असो की थंड, गाठीच्या आत पोचणार नाही.

आकडा विचारा

प्रसार किती आहे हे मोजायला एक पद्धत आहे. अमेरिकेतले सर्जन पॉल शुगरबेकर यांनी ती रूढ केली. पोटाचे तेरा भाग पाडतात आणि प्रत्येक भागाला शून्य ते तीन गुण देतात. काही नसेल तर शून्य, अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतचे दाणे असतील तर एक, पाच सेंटिमीटरपर्यंतची गाठ असेल तर दोन, त्याहून मोठी किंवा एकमेकांना चिकटलेली असेल तर तीन. बेरीज जास्तीत जास्त एकोणचाळीस होते. या बेरजेला पीसीआय म्हणतात.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये हा आकडा जितका लहान, तितकी आशा जास्त. वीसच्या पुढे गेला की बहुतेक अनुभवी सर्जन मोठे ऑपरेशन टाळतात. आकडा लहान असूनही लहान आतड्यावर सगळीकडे दाणे पसरलेले असतील, तर ते सगळे काढणे जमत नाही, कारण लहान आतड्याशिवाय माणूस जेवून जगू शकत नाही. आजार यकृतात किंवा फुप्फुसातही गेला असेल, तर हिशेब पुन्हा बदलतो.

हा आकडा नीट ठरवायला अनेकदा दुर्बिणीतून पोट पाहावे लागते. पोटाला दोन-तीन लहान छिद्रे पाडून कॅमेरा आत घालतात. काही घरांना वाटते की हे उगाच एक जास्तीचे ऑपरेशन आहे. खरे तर या तपासणीमुळे दहा तासांचे निष्फळ ऑपरेशन टळू शकते. डॉक्टरांनी ती सुचवली तर नकार देऊ नका.

धग : गरम केमो काय करते आणि काय करत नाही

सगळे काढून झाल्यावर, टाके पूर्ण घालण्याआधी किंवा नंतर, पोटात नळ्या ठेवतात. ४१ ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले, औषध मिसळलेले द्रावण पंपाने तीस ते नव्वद मिनिटे फिरवतात. मग ते काढून टाकतात. याला हायपेक म्हणतात. औषध बहुतेक वेळा मायटोमायसिन किंवा ऑक्झालिप्लाटिन असते. एवढी उष्णता म्हणजे किती, याचा अंदाज घ्यायचा तर आपण १०४ फॅरनहाइट ताप म्हणतो तो ४० अंश सेल्सिअस. म्हणून त्या वेळी भूलतज्ज्ञ रुग्णाचे बाकीचे शरीर थंड ठेवण्यासाठी धडपडत असतात. उष्णतेने कॅन्सरपेशींची दुरुस्तीची ताकद कमी होते आणि औषध थोडे खोल शिरते. ४३ अंशांच्या वर मात्र चांगल्या आतड्यालाच इजा होऊ शकते.

रुग्णाच्या पोटात गरम औषध फिरवल्याची पहिली नोंद अमेरिकेत १९८० साली झाली. पुढे २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीचे निकाल आले. १०५ रुग्णांमध्ये ज्यांना ऑपरेशन आणि हायपेक दोन्ही मिळाले, त्यांच्यातल्या निम्म्या रुग्णांचे आयुष्य २२ महिन्यांहून जास्त होते. ज्यांना त्या काळचे साधे केमो मिळाले, त्यांच्यात हा आकडा साडेबारा महिन्यांच्या आसपास होता. जगभर हायपेक पसरले ते या निकालानंतर. पण त्या चाचणीत एक प्रश्न अनुत्तरित राहिला होता : फायदा ऑपरेशनचा होता की गरम औषधाचा?

उत्तरासाठी फ्रान्समध्ये प्रॉडिज-७ ही चाचणी झाली. २००८ ते २०१४ या काळात २६५ रुग्ण घेतले. सर्वांचे ऑपरेशन पूर्ण झाले, सर्वांना शिरेतून केमोही मिळाले. त्यांतल्या निम्म्यांना ऑक्झालिप्लाटिनचे तीस मिनिटांचे हायपेक दिले, निम्म्यांना दिले नाही. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निकाल छापून आले. हायपेक मिळालेल्यांचे मधले आयुष्य ४१.७ महिने, न मिळालेल्यांचे ४१.२ महिने. म्हणजे फरक नाही. ऑपरेशननंतर साठ दिवसांच्या टप्प्यावर गंभीर गुंतागुंती मात्र हायपेकच्या गटात २६ टक्के, दुसऱ्या गटात १५ टक्के.

या चाचणीतून दोन गोष्टी शिकाव्यात. नीट निवडलेल्या रुग्णाचा आजार पूर्ण काढता आला आणि जोडीला चांगले केमो मिळाले, तर पोटात पसरलेला कॅन्सर असूनही साडेतीन वर्षांच्या आसपास आयुष्य मिळू शकते. त्या चाचणीत तर पाच वर्षांनंतरही दर तीन रुग्णांपैकी एकाहून थोडे अधिक जिवंत होते. हा मोठा दिलासा आहे. दुसरे म्हणजे, या दिलाशाचे मोठे श्रेय सर्जनच्या हातांना आणि केमोच्या सायकलींना आहे. ऑक्झालिप्लाटिनच्या गरम धुण्याने त्यात भर पडली नाही.

तरीही अनेक अनुभवी केंद्रे मायटोमायसिन वापरून, जास्त वेळ, निवडक रुग्णांना हायपेक देतात. फ्रान्सच्या चाचणीने त्या पद्धतीची परीक्षा घेतलेली नव्हती. स्पेनमधल्या २०२३ च्या एका चाचणीत पोटात प्रसार दिसत नव्हता, पण गाठ आतड्याच्या बाहेरच्या थरापर्यंत गेली होती अशा १८४ रुग्णांना घेतले. मायटोमायसिनच्या हायपेकने तीन वर्षांत पोटात पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी झाले. आयुष्यात मात्र फरक दिसला नाही. म्हणून डॉक्टरांनी हायपेक सुचवले तर घाबरू नका आणि भुलूही नका. ‘माझ्या बाबतीत कोणते औषध, किती वेळ, आणि का’ हे विचारा. जिथे हायपेक करत नाहीत, तिथे उपचार अपुरा आहे असे समजू नका. ऑपरेशन पूर्ण होणार असेल, तर हायपेक न मिळाल्यामुळे आई-वडिलांच्या बाबतीत आपण कमी पडलो, अशी अपराधी भावना मनात बाळगू नका.

दाब : वाफेसारखे औषध

तिसरी पद्धत नवी आहे. जर्मनीत २०११ मध्ये ती माणसांवर सुरू झाली. तिला पायपेक म्हणतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनसारखी दोन छिद्रे पाडून पोट वायूने फुगवतात आणि केमोचे औषध बारीक तुषारांच्या रूपात आत फवारतात. पोटातला दाब पाऱ्याच्या सुमारे बारा मिलिमीटरइतका ठेवून तीस मिनिटे तसेच राहू देतात. तेवढा वेळ डॉक्टर आणि नर्स ऑपरेशन थिएटरच्या बाहेर थांबून यंत्र चालवतात. द्रव ओतल्यावर ते एका जागी साचू शकते. तुषार सगळीकडे पोचतात, आणि दाबामुळे औषध थोडे खोल जाते. साधारण सहा आठवड्यांच्या अंतराने ते पुन्हा देतात, मधल्या काळात शिरेतून केमोही चालू ठेवता येते.

ज्यांचा आजार काढून टाकण्यापलीकडे गेला आहे, पोटात पाणी भरते आहे, त्यांच्यासाठी या पद्धतीचा विचार होतो. रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. पण याने आयुष्य वाढते हे अजून पक्के सिद्ध झालेले नाही. म्हणून पायपेक शक्यतो अशा ठिकाणी घ्यावे, जिथे तुमच्या उपचाराची नोंद अभ्यासासाठी ठेवली जाते.

याशिवाय बाहेरून यंत्र लावून पोट तापवणाऱ्या ‘थर्मल’ उपचारांच्या जाहिराती दिसतात. आतड्याच्या कॅन्सरच्या पोटातल्या प्रसारासाठी त्यांचा भक्कम पुरावा नाही. अशा यंत्रासाठी केमो थांबवू नका.

उपचारांचा क्रम

हा आजार एका ऑपरेशनने मिटत नाही. सर्वसाधारणपणे आधी बायोप्सीच्या तुकड्यावर केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ आणि एमएसआय या तपासण्या होतात. त्यावरून कोणते औषध लागू पडेल हे ठरते. एमएसआय-हाय प्रकार निघाला, तर इम्युनोथेरपी केमोपेक्षा जास्त उपयोगी पडू शकते. असे रुग्ण थोडेच असतात, पण तपासणी न करता हा मार्ग निसटतो.

मग काही महिने फॉलफॉक्स, फॉलफिरी किंवा केपॉक्स यांसारखे केमो देतात, पुन्हा स्कॅन आणि सीईए रक्ततपासणी होते. केमो चालू असतानाही आजार वेगाने वाढत असेल, तर ऑपरेशनचा फायदा होण्याची शक्यता कमी असते. आटोक्यात असेल, तर ट्यूमर बोर्डात सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. बेव्हासिझुमॅब हे इंजेक्शन चालू असेल, तर ऑपरेशनच्या आधी सुमारे सहा आठवडे ते बंद करावे लागते, नाहीतर जखम भरायला त्रास होतो. ऑपरेशननंतर शरीर सावरले की केमो पुन्हा सुरू होऊ शकते.

ऑपरेशनआधी शरीर तयार करा

जितकी ताकद, तितकी गुंतागुंत कमी. तंबाखू, विडी, दारू आजच बंद. दिवसातून दोनदा वीस-तीस मिनिटे चाला. साकीनाक्याच्या रस्त्यावर गर्दी आणि धूर असेल, तर पहाटे चाला किंवा चाळीच्या गॅलरीत फेऱ्या मारा. तीन गोळ्यांच्या स्पायरोमीटरने श्वासाचा व्यायाम करा, त्याने ऑपरेशननंतर न्यूमोनियाचा धोका कमी होतो.

२०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चॅलेंज या चाचणीत ऑपरेशन आणि केमो पूर्ण झालेल्या ८८९ आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटातले सुमारे ९० टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्या गटातले सुमारे ८३ टक्के. या रुग्णांमध्ये आजार पसरलेला नव्हता, म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू होत नाहीत. पण चालणे हा उपचाराचाच भाग आहे, इतके त्यावरून नक्की समजते.

जेवणात रोज अंडे, डाळ, दूध, पनीर किंवा मासे यांतून प्रथिने वाढवा. आतड्यात अडथळ्याची शंका असेल, तर कच्च्या कोशिंबिरी, साली, मका, फणस टाळा आणि मऊ भात, मुगाचे वरण, ताक घ्या. नक्की काय चालेल, हे आहारतज्ज्ञांना विचारा. ऑक्झालिप्लाटिन चालू असताना थंड पाणी, बर्फ, फ्रिजमधली वस्तू टाळा, कारण बोटांना आणि घशाला झिणझिण्या येतात. कोणताही काढा किंवा चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. ऑपरेशनमध्ये प्लीहा काढण्याची शक्यता असेल, तर आधीच न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धची लस घ्यायची का, ते विचारा.

पोटावर पिशवी, म्हणजे स्टोमा, लागू शकते. काहींची काही महिन्यांनी निघते, काहींची कायम राहते. हे ऑपरेशनआधी ऐकलेले असले, तर नंतरचा धक्का कमी होतो.

साकीनाक्याहून परळला

परळमधल्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावरचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. आतड्याच्या कॅन्सरसाठी तिथे स्वतंत्र पथक आहे आणि या प्रकारच्या मोठ्या शस्त्रक्रिया तिथे होतात. मुंबईतल्या काही खासगी रुग्णालयांतही त्या होतात. कुठेही जा, पण वर्षातून एखादी करणाऱ्या ठिकाणापेक्षा नेहमी करणारे ठिकाण निवडा. अशा शस्त्रक्रियेत सर्जनचा आणि अतिदक्षता विभागाचा अनुभव फार मोलाचा असतो.

साकीनाका मेट्रोने घाटकोपर गाठा. पुलावरूनच रेल्वे स्थानकात उतरता येते. तिथून धीमी लोकल परळला जाते. सकाळी घाटकोपरची गर्दी रुग्णाला झेपणार नाही, म्हणून अपॉइंटमेंट उशिराची मागा किंवा फार लवकर निघा. कॅन्सरच्या रुग्णांना लोकलच्या दिव्यांग डब्यातून प्रवास करता येतो, रुग्णालयाचा कागद जवळ ठेवा. केमो घेऊन परतताना टॅक्सीचा विचार आधीच करा. रिक्षा शहराच्या हद्दीत परळपर्यंत येत नाही, त्यामुळे ऐनवेळी धावपळ होते.

पहिल्या भेटीला मूळ बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक, सगळ्या स्कॅनच्या सीडी, जुन्या ऑपरेशनचे टिपण, डिस्चार्ज कार्ड, झालेल्या केमोची यादी, आधार आणि रेशन कार्ड न्या. ब्लॉक नसल्यामुळे अनेकांचे आठवडे वाया जातात. गावाकडून सोबतीला माणसे येणार असतील, तर परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा येथे राहण्याची चौकशी करा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असेल तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवा आहे.

पैशांसाठी चार दारे ठोठावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, ‘आमचे ऑपरेशन, हायपेकचे औषध आणि नळ्यांचा संच, यांतले काय बसते?’ योजनेची मदतवाहिनी १५५३८८ आहे. कारखान्यात किंवा गाळ्यात ईएसआयसी कापली जात असेल, तर ईएसआयसीच्या दवाखान्यातून रेफरल घ्या. कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात, नोकरी आणि वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील, तर पगाराच्या ऐंशी टक्के इतका वाढीव आजारपणाचा लाभ दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. हा हक्क कितीतरी कामगारांना माहीतच नसतो. खासगी धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखलेल्या असतात, तिथल्या मेडिकल सोशल वर्करला भेटा. इंडियन कॅन्सर सोसायटी आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थांकडेही अर्ज करता येतो. ही दारे बंद झाल्यावरच जमिनीचा विचार करा.

घरी असताना कधी घाई करावी

केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. क्रोसिन देऊन झोपवू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत बळावतो. पोट टणक फुगणे, सतत उलट्या, गॅस आणि शौच दोन्ही बंद होणे, जखमेतून मळासारखा स्राव, लघवी फार कमी होणे, यांतले काहीही झाले तरी लगेच इमर्जन्सीत जा. परळ लांब वाटले, तर राजावाडीसारख्या जवळच्या रुग्णालयात पोचा आणि फाइल दाखवा. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : कॅन्सरचा प्रकार, शेवटच्या केमोची तारीख, औषधांची ॲलर्जी, डॉक्टरांच्या विभागाचा नंबर.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या आणि सोबत एका माणसाला उत्तरे लिहायला लावा.

१. पीसीआय आकडा किती आहे? तो स्कॅनवरून आहे की दुर्बिणीतून पाहून?
२. सगळा आजार निघण्याची शक्यता किती वाटते? पोट उघडल्यावर नाही जमले, तर काय कराल?
३. या रुग्णालयात असे ऑपरेशन किती वेळा होते?
४. हायपेक सुचवता, तर कोणते औषध, किती वेळ, आणि ते केले नाही तर काय फरक पडेल?
५. एमएसआय आणि केआरएएस तपासणी झाली का?
६. ट्यूमर बोर्डात चर्चा झाली का?
७. आयसीयूत किती दिवस, घरी किती दिवसांनी, आणि आमच्या माणसाला धोका किती?
८. पिशवी लागेल का, कायमची की तात्पुरती?
९. योजनेत किती खर्च बसतो, खिशातून किती?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

ऑपरेशन होणार नसेल तर

‘आता ऑपरेशन नाही’ हे वाक्य ऐकून पुष्कळ कुटुंबांना वाटते की उपचार संपले. तसे नाही. शिरेतले केमो चालू राहू शकते, पोटातले पाणी नळीने काढता येते, अडथळ्यासाठी औषधे आणि नळ्या असतात, वेदना कमी ठेवता येतात. टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे लवकर गेल्याने आयुष्य कमी होत नाही, त्रास कमी होतो. मोठे ऑपरेशन होणार असले तरीही या विभागाचा सल्ला घ्यायला हरकत नाही. घरात काळजी घेणे शक्य नसेल, तर वांद्र्यातले शांती आवेदना सदन १९८६ पासून कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना आसरा देत आले आहे.

रुग्णालाच विचारा

आपल्या घरांत एक गोष्ट हमखास होते. डॉक्टरांच्या खोलीत मुलगा पुढे येतो आणि म्हणतो, ‘बाबांना सांगू नका.’ त्यामागे प्रेम असते. पण दहा तासांचे ऑपरेशन, पिशवी, आयसीयूतले दिवस हे बाबांच्याच अंगावर येणार असतात. त्यांना अंधारात ठेवून संमतीच्या कागदावर त्यांचा अंगठा घेणे बरोबर नाही. आणि बहुतेक वेळा बाबांना आधीच अंदाज आलेला असतो. ते मुलांचा चेहरा पाहून गप्प बसलेले असतात.

म्हणून एखाद्या संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसा. आजार कुठे आहे, काय करता येईल, काय येणार नाही हे त्यांच्या भाषेत सांगा. मग विचारा, ‘तुम्हाला काय हवं आहे?’ कुणी म्हणेल, जेवढे करता येईल तेवढे करा. कुणी म्हणेल, मोठे ऑपरेशन नको, पण केमो घेईन. कुणी फक्त एवढेच म्हणेल, यंदाच्या गणपतीला गावी जायचे आहे. ती तारीख डॉक्टरांना सांगा. पुष्कळदा केमोची सायकल आठवडाभर पुढेमागे करता येते. बाबांनी सांगितलेले ते एक वाक्य फाइलच्या पहिल्याच पानावर, पीसीआयच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक निर्णय त्या दोन्ही ओळी वाचून घ्या.